मफिनमधलं आलं तळाशी का बसतं, आणि भोवतीचा भाग कच्चा का राहतो

साखरेत पाकवलेल्या आल्याचे तुकडे घातलेले मसाल्याचे मफिन्स ओव्हनमधून काढले की वरून काही दोष दिसत नाही. नीट फुगलेले असतात, दालचिनी-लवंगेचा वास जिन्यापर्यंत गेलेला असतो. गडबड कळते ती कागद सोलताना. तळाचा थर कागदालाच चिकटून येतो, आल्याचे झाडून सगळे तुकडे तिथेच गोळा झालेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याभोवती ओलसर, चकचकीत, कच्च्या पिठासारखी कड असते. टूथपिक कोरडी आली होती, वेळही पूर्ण दिली होती, तरी हे होतं.

मुंबईत घरी बेकिंग करणाऱ्यांची ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते, आणि नाताळच्या सुमाराला पुन्हा डोकं वर काढते. मग कृतीत बदल सुरू होतात. कोणी एक अंडं कमी करतं, कोणी मूठभर मैदा वाढवतं, कोणी दहा मिनिटं जास्त ठेवतं. त्याने मफिन कोरडा होतो आणि कच्ची कड तिथेच राहते. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा कृती बरोबर असते आणि चुकतं ते आलं. थंड, कोरड्या देशांतल्या कृतीत साखरेत पाकवलेलं आलं म्हणजे खडखडीत कोरडे तुकडे, असं धरलेलं असतं. आपल्याकडे त्याच आल्याची बरणी जुलैमध्ये आठवडाभर ओट्यावर राहिली की तळाशी पाक साचलेला दिसतो.

बाकीची कारणंही आहेत, पण तपासायचा क्रम चुकवू नका. आधी आलं, मग बॅटर (मफिनचं कालवलेलं पीठ), मग बेकिंग पावडर आणि सगळ्यात शेवटी ओव्हन. बरेच जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि विनाकारण नवा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, घेऊन बसतात.

आधी मफिन कापून बघा

हाताने तोडून निदान होत नाही. मफिन पूर्ण गार होऊ द्या, दातेरी सुरीने वरून खाली उभा कापा आणि कापलेली बाजू खिडकीच्या उजेडात धरा.

तुकडा तळाशी आहे, त्याच्याभोवती दोन-तीन मिलिमीटरची गडद, चिकट कड आहे आणि वरच्या बाजूला तो घसरत आल्याची पोकळ वाट दिसते आहे: आलं ओलं होतं आणि बॅटर पातळ होतं. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

जागोजाग पोकळ्या आहेत, पोकळीच्या भिंती तपकिरी आणि चिकट आहेत, पण आत आल्याचा तुकडाच सापडत नाही: तुम्ही घातलेलं आलं विरघळून गेलं. याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तळापासून वर चढत गेलेली लांबट बोगद्यासारखी भोकं आहेत आणि माथा टोकदार झाला आहे: बॅटर जास्त ढवळलं गेलं.

आल्याशी संबंध न ठेवता सगळाच तळ एकसारखा घट्ट, खव्यासारखा दाटलेला आहे: बेकिंग पावडरचा जोर गेलेला आहे, नाहीतर खालून उष्णता पोहोचत नाही.

एकाच मफिनमध्ये यातली दोन लक्षणंही सापडतील. अशा वेळी एका खेपेला एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मफिन सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही.

साखर हवेतून पाणी घेते

आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडी राहते. आर्द्रता त्याच्या वर गेली की ती हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागते. कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांतले जुलै-ऑगस्टचे आकडे अनेक दिवस याच्या आसपास किंवा वर असतात. उघड्या ताटलीत ठेवलेल्या आल्यावरची साखर दुपारपर्यंत ओलसर चकाकी धरते ती यामुळेच.

पाकात लिंबू पिळलं असेल तर परिस्थिती आणखी नाजूक. आंबटामुळे सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि फ्रुक्टोजला पाणी ओढायला ६०-६५ टक्के आर्द्रताही पुरते. गुळात या साखरा मुळातच असतात. त्यामुळे गुळात पाकवलेलं आलं चवीला कितीही छान लागलं, तरी मुंबईत ते डिसेंबरातही हाताला चिकटतं. ते चहाबरोबर खावं, मफिनमध्ये घालू नये.

आता ओव्हनमध्ये काय होतं ते बघा. मफिन घट्ट होतो तो मैद्यातला स्टार्च फुगून आणि अंड्यातलं प्रथिन गोठून. आजूबाजूला साखर जास्त असली की या दोन्ही क्रिया जास्त तापमानाला होतात. ओल्या तुकड्यावरचा पाक लगतच्या बॅटरमध्ये उतरतो, आणि बाकीचा मफिन बेक होऊन जातो तरी तेवढी कड मागे राहते. म्हणूनच आणखी दहा मिनिटं ठेवून ती सुधारत नाही. कडा करपतात, आतली चिकट गोलाई तशीच. शिवाय हाच पाक तुकड्याला निसरडं करतो, त्यामुळे बॅटर त्याला धरून ठेवत नाही.

आलं मुंबईच्या हवेला टिकेल असं पाकवणं

आलं कोवळं घ्या. एप्रिल-मेमध्ये लावलेलं आलं पूर्ण तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात, पण भाजीबाजारात कोवळं, ओलं आलं त्याआधीच येऊ लागतं. दादरच्या बाजारात साताऱ्याकडचं आलं दिसलं की हाताने तपासून निवडून घ्या: साल नखाने निघायला हवी, कांडी मोडल्यावर धागे लोंबायला नकोत. जून, म्हणजे निबर आलं तिखट असतं म्हणून मोह होतो, पण त्याचे धागे मफिनमध्ये दातांत अडकतात. जूनच मिळालं तर काप आडवे करा, धाग्यांना छेद देणारे, म्हणजे निदान लांब धागा राहत नाही.

सोललेलं पाव किलो आलं, तीन मिलिमीटर जाडीचे काप. भरपूर पाण्यात वीस ते तीस मिनिटं उकळा, काप सुरीच्या टोकाने सहज टोचला गेला पाहिजे. ही पायरी गाळू नका. कच्च्या आल्याला थेट पाकात टाकलं तर साखर त्यातलं पाणी ओढून घेते, काप चामट होतो आणि पाक आत मुरतच नाही. उकळलेलं पाणी टाकू नका, चहाला उत्तम.

मग निथळलेले काप, त्यांच्याच वजनाइतकी साखर आणि बुडतील इतकं पाणी असं मध्यम आचेवर ठेवा. बहुतेक कृतींत पाक एकतारी झाला, म्हणजे १०६ अंशांच्या आसपास पोहोचला, की काप काढून साखरेत घोळवतात. आपल्या हवेत मी तिथे थांबत नाही. आच मंद करून ढवळत राहायचं. पाक दोनतारीच्या पुढे जातो, फेस जड होतो, मग एका क्षणी पाक गढूळ दिसायला लागतो आणि कढईच्या कडेला पांढरी साखर धरायला लागते. आता हात थांबवायचा नाही. मिनिटा-दोन मिनिटांत सगळी साखर कोरडी होऊन कापांवर बसते आणि एकमेकांना चिकटलेले काप सुटे होतात. गॅस लगेच बंद करा, नाहीतर तीच साखर परत वितळून करपते. वरून वेगळी साखर लावायची गरज उरत नाही, आणि उरलेली भुकटी साखर आल्याच्या वासाची असते ती वेगळीच.

यात लिंबू नको. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू घालतो, आणि इथे आपल्याला तो साखरायलाच हवा आहे.

काप जाळीवर पसरून ओटीजीच्या सर्वांत कमी तापमानाला, ६०-७० अंशांना, दार बोटभर उघडं ठेवून तासभर वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवण्यात अर्थ नाही, तो पंखा दमट हवाच फिरवत असतो. गार झाल्यावर काप स्टीलच्या ताटलीत टाकून बघा, खट्ट आवाज यायला हवा. मऊ थप्प आवाज आला तर अजून अर्धा तास. मग लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.

फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण एक पथ्य पाळावं लागतं. मुलुंडहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला होता.

"ताई, मी तर फ्रिजमध्येच ठेवलं होतं गं, तरी पाणी सुटलं."

"बरणी बाहेर काढल्या काढल्या उघडलीस का?"

"हो, बॅटर तयार होतं ना, घाई होती."

"मग तिथेच झालं. आता पुढच्या वेळी फ्रिजमध्ये ठेवतानाच एका वेळेपुरतं छोट्या डब्यांत भर, आदल्या रात्री एक डबी बंदच बाहेर काढून ठेव, आणि उघडायची ती सकाळी."

गार तुकड्यांवर दमट हवेतलं पाणी बसतं, जसं गार बाटलीवर बसतं तसंच. बंद डबी खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडली की हा त्रास नाही.

विकतचं आलं, आणि आलेपाकाची चूक

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि सुक्या मेव्याच्या दुकानांत जिंजर कँडी मिळते. सुटी घेत असाल तर एक तुकडा बोटांत दाबून बघा, चिकट लागला तर नको. पाकीटबंद असेल तर पाकीट हलवा: तुकडे सुटे हलले तर ठीक, एकच गोळा हलला तर ते पाकीट ठेवून द्या. फार लाल किंवा भडक पिवळा रंगही नको.

घरी आणलेलं आलं ओलसर झालंच असेल तर दोन वाटा आहेत. वेळ असेल तर ७०-८० अंशांना वीस मिनिटं ओटीजीत वाळवून पूर्ण गार करा. वेळ नसेल तर वरची साखर सरळ धुऊन टाका. गरम पाण्यात चाळणी दोनदा बुडवा, सुती कापडावर घेऊन चांगलं टिपा, बारीक चिरा आणि मफिनच्याच मैद्यातला एक चमचा मैदा चोळा. भर पावसात मला ही दुसरी वाट जास्त खात्रीची वाटते, कारण पाकाचं मूळच निघून जातं. आल्याच्या आत मुरलेली साखर राहते, तेवढी गोडी पुरते.

आलेपाकाच्या वड्या मात्र घालू नका. आलेपाक म्हणजे किसलेलं किंवा वाटलेलं आलं साखरेत आटवून थापलेली वडी. तिला धरून ठेवणारी साखरच असते, आल्याचा अखंड काप तिच्यात नसतो. मफिनमध्ये ती वितळते, जिथे होती तिथे चिकट पोकळी राहते आणि आलं बॅटरमध्ये पसरतं. वर सांगितलेल्या रिकाम्या पोकळ्या बहुतेक वेळा याच्याच असतात. घरात आलेपाक पडून असेल तर किसून, मोजलेल्या साखरेतली तेवढी साखर कमी करून बॅटरमध्येच मिसळा. चव चांगली येते, फक्त तुकड्यांची अपेक्षा सोडा.

कच्चं आलं किसून घालण्याबद्दलही विचारलं जातं. चालतं, पण दुधात घालून ठेवू नका. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्याने दूध फुटतं. आलं आधी पाण्यात उकळून मगच चहात दूध घालायची आपली पद्धत त्याच कारणाने शहाणपणाची आहे. पाकवलेलं आलं उकळून निघालेलं असल्यामुळे त्याचा हा त्रास नसतो.

बॅटर किती घट्ट

आल्याचे तुकडे चार-पाच मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. हातात मोठा तुकडा आला की छान वाटतं हे खरं, पण जड तुकडा मफिनचं बॅटर पेलत नाही.

तुकड्यांना मैदा चोळला की ते बुडत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. कोरड्या तुकड्यांवर त्याचा उपयोग मला फारसा दिसलेला नाही. पातळ बॅटरमध्ये मैदा चोळलेला तुकडाही बुडतो, घट्ट बॅटरमध्ये न चोळलेलाही तरंगतो. ओलसर तुकड्यांना मात्र चोळावा, कारण तो वरचं पाणी शोषतो.

बॅटर चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. धारेने ओघळलं तर पातळ आहे. थबकून, गोळ्याने पडलं पाहिजे. मुंबईत ते पातळ होण्याची दोन साधी कारणं आहेत. पहिलं म्हणजे सगळे जिन्नस रूम टेंपरेचरला हवेत, हे वाक्य. ते २०-२२ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर ३२-३३ अंशांवर असतं, आणि तिथे तासभर ठेवलेली अंडी, दही आणि पातळ लोणी एकत्र आलं की बॅटर वाहायला लागतं. अंडी आणि दही फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढा, जास्त नको. अगदी गार दह्यात पातळ केलेलं लोणी ओतलं तर लोण्याच्या गुठळ्या होतात, म्हणून मी उन्हाळ्यात लोण्याऐवजी वास नसलेलं तेल घेते.

दुसरं कारण दही. घरी विरजलेल्या दह्याला पाणी सुटतं, आणि तेच दही वाटीने मोजून घातलं की पाव वाटी पाणी जास्त जातं. अर्धा तास मलमलच्या फडक्यात टांगा, मग वजनावर मोजा.

आणखी एक उपाय, साधा आणि हमखास: आलं सगळ्या बॅटरमध्ये मिसळू नका. प्रत्येक कपात आधी एक मोठा चमचा साधं बॅटर घाला. उरलेल्या बॅटरमध्ये आलं मिसळून ते वर घाला. थोडेसे तुकडे माथ्यावर ठेवा. तुकडे खाली सरकले तरी मध्यापर्यंतच येतात आणि कागदापर्यंत पोहोचत नाहीत.

ढवळण्याबद्दल थोडक्यात. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, आणि ओलं कोरड्यात ओतून सपाट चमच्याने दहा-बारा वेळा परता. मैद्याच्या लहान गुठळ्या दिसल्या तरी थांबा. व्हिस्कने गुळगुळीत करत बसलात की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवट प्रथिनांचं जाळं, ताणलं जातं, वाफ त्याला भोकं पाडत वर जाते आणि टोकदार माथा तयार होतो.

बेकिंग पावडर आणि सोडा

बेकिंग पावडरला ओलावा लागला की तिच्यातला सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांशी भिडतात, आणि ओव्हनसाठी काही उरत नाही. तारीख उरली आहे म्हणजे पावडर चांगली, असं पावसाळ्यात धरू नका. अर्धा छोटा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर चालेल. नुसते चार बुडबुडे आले तर टाकून द्या. सोडा तपासायचा तर गरम पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. डबी लहान आणा, आणि वाफाळत्या भांड्याजवळ किंवा गॅसशेजारी उघडू नका.

पावडर कमजोर वाटली म्हणून सोडा वाढवू नका. पाव छोट्या चमच्याहून जास्त सोड्याला अर्धा कप दही पुरत नाही, आणि उरलेला सोडा साबणासारखी चव देतो. मसाल्याच्या मफिनमध्ये ती चव लवंगेची आहे असं वाटून दुर्लक्षित होते. मफिन खूपच काळपट झाला आणि जिभेच्या मागे तुरट-कडू लागला तर सोड्यावर संशय घ्या.

ओव्हन

लहान ओटीजीत वरची कॉइल मफिनच्या माथ्याला फार जवळ असते. माथा आधी पक्का होतो, आतलं फुगणं फुटून बाहेर येतं, आणि तळ मागे राहतो. ट्रे मधल्या खणाच्या एक खण खाली ठेवा. खालची-वरची दोन्ही कॉइल चालू करून २०० अंशांना पंधरा मिनिटं तापवा, ओव्हनवरचा तापण्याचा दिवा विझला म्हणून लगेच ट्रे सरकवू नका. पहिली पाच-सहा मिनिटं २००, मग १८० वर आणून तेरा-चौदा मिनिटं. माथा लवकर तपकिरी झाला तर वर फॉइल टाका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे २० अंश कमी. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक पडू शकतो, म्हणून ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर जरूर घ्या.

मसाला फिका लागतो, ही जोडीची तक्रार

आलं घालूनही आल्याची चव येत नाही, असं अनेक जण म्हणतात. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉलचा असतो. शिजवताना त्याचा काही भाग झिंजरोनमध्ये बदलतो, जो बराच सौम्य असतो. आलं वाळवताना मात्र शोगाओल तयार होतं, आणि ते जिंजरॉलपेक्षा जहाल. म्हणून पाकवलेल्या तुकड्यांनी त्या-त्या घासात आलं लागतं, पण अख्ख्या मफिनला आल्याची ऊब देते ती सुंठच. दोन्ही हवीत. सुंठ पावडरीत न घेता अख्खी घ्या आणि किसून, चाळून वापरा. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याच्या खरेदीला जाल तेव्हा आणा. तिथे दालचिनीची साल घेताना वास घेऊन बघा. जाड, कडक साल म्हणजे कॅशिया, तिचा वास उग्र असतो आणि या मफिनला तीच शोभते. लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. दोन लवंगा पुरतात, चार झाल्या की दुसरं काही लागत नाही.

माझं प्रमाण

पडताळून पाहायला एक आधार हवा म्हणून देते, नऊ-दहा मफिन्सचं. मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. सुंठ दीड छोटा चमचा, दालचिनी एक, जायफळ आणि मिरपूड प्रत्येकी पाव, दोन लवंगांची पूड. ब्राउन शुगर ११० ग्रॅम. अंडी दोन, टांगलेलं दही १२० ग्रॅम, तेल किंवा पातळ केलेलं लोणी ८० ग्रॅम, दूध लागेल तसं, ४० मिलिलिटरपर्यंत. पाकवलेलं आलं ७५ ग्रॅम. दूध शेवटी घाला आणि चमच्याची परीक्षा घेऊनच. पावसाळ्यात मैदाही थोडा ओलावा धरून असतो, तेव्हा दूध अनेकदा लागतच नाही.

ब्राउन शुगरऐवजी गूळ पावडर चालेल, पण ती ओलावा जास्त धरते. तेव्हा दूध बाद करा आणि आलं ५० ग्रॅमवर आणा.

बिनअंड्याचे करत असाल तर

अंडं नसलं की बॅटरला उभं धरणारं एक माणूसच कमी होतं, त्यामुळे आलं बुडायची शक्यता वाढते. दही १८० ग्रॅम करा, दूध ६० मिलिलिटर, सोडा तेवढाच ठेवून बेकिंग पावडर दीड छोटा चमचा. तुकडे आणखी बारीक, आणि साध्या बॅटरचा खालचा थर इथे अजिबात गाळू नका. बॅटर तयार झाल्यावर दहा मिनिटांच्या आत ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, कारण दही आणि सोडा भांड्यातच गॅस सोडून मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी माथा चिकट होतो

ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांत मफिन्स ट्रेमधून उचला, नाहीतर खाली वाफ धरून कागद ओला होतो, आणि आलं जागेवर असलं तरी तळ कागदाला चिकटतो. जाळीवर तासभर गार करा. कोमट असताना डब्यात भरले की झाकणाला आतून पाणी धरतं आणि माथ्यावरचं आलं वितळतं. पण रात्रभर उघडेही ठेवू नका. डब्यात खाली आणि वर टिश्यू पेपर ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पावसाळ्यात दोन दिवसांत संपवा, नंतर बुरशीची भीती असते.

फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो आणि मफिन शिळा लागतो. जास्तीचे सरळ फ्रीझरमध्ये टाका, प्रत्येक वेगळा गुंडाळून. खायच्या वेळी गुंडाळलेलाच बाहेर ठेवून अर्धा तास थांबा, मग कागद काढून १५० अंशांना पाच-सहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका: आल्यातली साखर बाकीच्या मफिनपेक्षा खूप जास्त तापते आणि जीभ भाजते, विशेषतः मुलांची.